विश्लेषण : तपासणीपुरता सुरू होणारा सेन्सर

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झाली. तेव्हापासून लहान कारखानदार सल्लागारांना एकच प्रश्न विचारत आहेत : साहेब आले तर कोणते कागद दाखवायचे? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा.

नवे काय?

निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे. कोणत्या कारखान्याची तपासणी करायची, ते ऑनलाइन यादृच्छिक पद्धतीने ठरणे अपेक्षित आहे. विजेवर चालणारा आणि 20 किंवा अधिक कामगारांचा उद्योग ‘कारखाना’ ठरतो. प्रत्येकाला नियुक्तीपत्र आणि ठरावीक वयावरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी हेही आले. हे सगळे फाइलमध्ये लावता येते.

खरी परीक्षा कुठे?

ती पॉवर प्रेसवर. चाकण, भोसरीच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये पत्रा हाताने डायमध्ये सरकवला जातो आणि वरून ठोका बसतो. डोंबिवलीत 2016 आणि 2024 मध्ये झालेल्या स्फोटांची बातमी होते; प्रेसखाली गेलेल्या बोटांची सहसा होत नाही.

हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणेही असतात. पण प्रेस वारंवार थांबली की तासाचा आकडा घसरतो. मग सेन्सर बायपास होतो, एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले जाते. तपासणीच्या दिवशी सारे पूर्ववत! दोष एकट्या ऑपरेटरवर ढकलणे सोपे आहे, पण आकडा तो ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक मालकांच्या लक्षात येत नाही. जुन्या पिन-क्लच प्रेसवर ठोका एकदा सुटला की फेरी पूर्ण होईपर्यंत तो थांबत नाही. तिथे सेन्सर बसवणे म्हणजे शोभेची वस्तू टांगणे. अशा प्रेसला पक्का गार्डच हवा, आणि पत्रा ठेवायला-काढायला चिमटा किंवा चुंबकी हत्यार.

मग तयारी कशी?

रात्रपाळीत, न सांगता फेरी मारून. थांबू शकणाऱ्या प्रेसच्या सेन्सरसमोर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला चाचणीची कांडी धरून प्रेस थांबते का ते पाहावे आणि वहीत सही घ्यावी. बायपासची चावी कोणाकडे आहे, हे मालकाला ठाऊक असावे. क्रेनची तपासणी, अग्निशामक नळकांडी, मोकळा आपत्कालीन दरवाजा ही कामे तुलनेने सोपी. वेळापत्रक पाळले की होतात. कंत्राटी कामगाराची ईएसआयसी नोंदणी मात्र पहिल्याच दिवशी व्हावी, अपघाताच्या दिवशी नव्हे.

न केल्यास?

कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद संहितेत आहे. त्या दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

लहान पुरवठादारांची अडचणही खोटी नाही. मोठ्या वाहन कंपन्या त्यांच्याकडून दर्जा आणि वेळेचा हिशेब दर महिन्याला मागतात. त्याच तक्त्यात प्रेसच्या गार्डसाठी एक रकाना आला, आणि सुट्या भागाच्या दरात त्याचा खर्च धरला गेला, तर बायपासची चावी शोधायला निरीक्षकाची वाट पाहावी लागणार नाही.