बिनतारी निरोप अडतो तेव्हा

दोघे बोलत असता शेजारी कोणी ढोल बडवला तर काय ऐकू येणार? जॅमर नेमके हेच करतो. 2012 साली अमेरिकेत एका चालकाने, मालकाला गाडीचा ठावठिकाणा कळू नये म्हणून, असले यंत्र लावले. नेवार्क विमानतळावरील उपग्रह-यंत्रणेत व्यत्यय आला.

शेतातला ओलावा कळवणारे बिनतारी सेन्सर आता आपल्याकडेही आले आहेत. निरोप पोचला नाही की पुष्कळसे सेन्सर तोच पुन्हा पुन्हा पाठवतात; बॅटरी लवकर उतरते. मोबाईलवरून बंद केलेला पंपही चालूच राहू शकतो. तेव्हा हाताने चालवायचा स्टार्टर काढून टाकू नका.

सरकारी परवानगीवाचून जॅमर वापरणे आपल्याकडे बेकायदा आहे. रेंज वाढवणारे विनापरवाना बूस्टरही तसेच. एकाच्या माडीवर रेंज येते, आळीतल्या इतरांचे फोन अडखळतात.