नकाशावर नाव नाही, मग जंगलावर हक्क कसा सांगायचा?

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या ठाकर-कातकरी वाडीत आजीला विचारा, करवंदं कुठं मिळतात? ती थेट जागेचं नाव सांगेल. तीच जागा मोबाईलच्या नकाशावर शोधा. दिसेल नुसता हिरवा पट्टा. वन विभागाच्या कागदावर तिला असतो कंपार्टमेंट नंबर.

पण नावावाचून अडतं काय?

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करता येतो. त्यासाठी वनहक्क समितीला ओळखीच्या खुणा दाखवणारा नकाशा तयार करावा लागतो. गुरं चारायच्या, कंदमुळं गोळा करायच्या आणि मासेमारीच्या जागा, पाणवठे, देवराया, दफनभूमी हे सगळं नियमांनुसार पुरावा ठरतं. ज्येष्ठांचा लेखी जबाबही चालतो.

आता समजा, एका उताराला लोक 'वाघोबाचा माळ' म्हणतात आणि एका ओढ्याला 'खेकड्याचा ओहोळ'. पहिल्या नावातून तिथं पूजा होते हे कळतं, दुसऱ्यातून लोक तिथं काय पकडतात ते कळतं. थोडक्यात, नाव म्हणजे वापराची नोंद. नंबरातून यातलं काहीच कळत नाही.

घाई कशाची?

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ चं. नंतर भातसा झालं. धरणाच्या पाण्याखाली जमीन जाते, तशी त्या जमिनीवरची नावंही जातात. मुरबाडमध्ये काळू नदीवरच्या प्रस्तावित धरणाचा वाद वर्षानुवर्षं सुरू आहे. २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्गही शहापुरातून जातो. आणि ही नावं ज्यांच्या तोंडी आहेत, ती पिढी आता थकलीय.

मग नोंद करायची कशी?

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे नकाशे बनवताना सर्वेक्षकांनी 'नेम बुक्स' ठेवली. गेलिक भाषेतली नावंही त्यांत आली. प्रत्येक नावापुढे त्याची वेगवेगळी स्पेलिंग, ते कुणी सांगितलं आणि जागेचं वर्णन, असे रकाने होते. आपल्याकडेही वही, मोबाईलचं जीपीएस आणि आवाजाचं रेकॉर्डिंग एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. २०२१ च्या केंद्राच्या धोरणामुळे भारतीयांना नकाशे बनवण्यासाठी आधीसारख्या परवानग्याही लागत नाहीत.

फक्त दोन पथ्यं पाळायची. नाव लोक बोलतात तसंच लिहायचं. ते 'शुद्ध' करायला गेलं की अर्थ हरवतो. आणि देवस्थान किंवा औषधी वनस्पतींच्या जागा ऑनलाइन टाकायच्या की नाही, हे ग्रामसभेनं ठरवायचं.

नाव लिहिलं म्हणून हक्क लगेच मिळत नाही. पण "इथं तुमचं काय होतं?" असं कुणी विचारलं, तर दाखवायला गावाकडे कागद असतो.