वाढत्या अंगाचा नको!



मुलांसाठी कपडे घेताना आपल्या घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : ‘थोडा वाढत्या अंगाचाच घ्या.’ शाळेचा गणवेश असो, स्वेटर असो की दिवाळीचा झब्बा, तो पुढच्या वर्षीही अंगाला यावा हा त्यामागचा हिशेब असतो आणि तो चुकीचाही नसतो. बाही दुमडता येते, झग्याला चीण घालता येते. परंतु एक पोशाख असा आहे की जो वाढत्या अंगाचा घेतला तर त्याचा उपयोगच संपतो. तो म्हणजे पाण्यावरच्या खेळांसाठी वापरला जाणारा रबरी वेटसूट.

या सदरात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. पाठीला डबा बांधून रंकाळ्यात आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकणाऱ्या कोल्हापूरला पाण्याचे भय कधीच नव्हते. २०१० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे वीरधवल खाडे याच गावचे. आता इथली मुले सुट्टीत गोव्याला किंवा मुंबईला शिडाच्या होड्या शिकायला जातात. शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेली काही मुले-मुली तिथल्या विद्यापीठांच्या नौकानयन मंडळांत दाखल होतात. मग सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत ‘वेटसूट’ हा शब्द येतो आणि घरातले सगळेच गोंधळतात. कारण तो आपण कधी घातलेला नसतो.

मीही असाच गोंधळलो होतो. माझा अकरा वर्षांचा भाचा जानेवारीत मुंबईला अशा एका शिबिराला निघाला, तेव्हा त्याचा वेटसूट मी आणला आणि सवयीप्रमाणे दोन मापे मोठा आणला. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा चांगला होता. त्याची छोटी होडी दोनदा कलंडली. दर वेळी त्याने ती सरळ केली. पण सूटमध्ये पोत्यासारखे पाणी भरल्यामुळे होडीत चढताना त्याची दमछाक झाली. तासाभराने तो धक्क्यावर आला, तेव्हा ओठ निळसर पडले होते आणि बोटांना लाइफ जॅकेटचा पट्टा सुटत नव्हता. त्याच्याच वयाची दुसरी मुलगी तितकाच वेळ पाण्यात होती. तिचा सूट जुना, पातळ, गुडघ्यावर ठिगळ लावलेला होता. पण अंगाला चिकटून बसला होता. ती हसत दोर गुंडाळत होती. दोष शिबिराचा नव्हता, समुद्राचाही नव्हता. तो माझ्या हिशेबाचा होता.

असे का घडते, हे नीट समजून घेऊ. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते. म्हणून २५ अंशांची हवा सुखद वाटते. पण तितक्याच तापमानाच्या पाण्यात तासभर राहिले तर हुडहुडी भरते. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पसारा जास्त आणि अंगावरची चरबी कमी. म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात.

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्या रबरात वायूचे अगणित सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात आणि तेच उष्णतेला अडवतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे ओळखले की, पाण्यातल्या माणसाला ऊब मिळण्यासाठी तो कोरडा राहिलाच पाहिजे असे नाही. सूट आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा शिरतो, तो अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि तिथेच राहतो. मात्र तो तिथेच राहायला हवा. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर जाते, गार पाणी आत येते आणि ते तापवण्यासाठी अंगाला पुन्हा ऊब खर्चावी लागते. सैल वेटसूट म्हणजे भोक पडलेला बंब. कितीही जळण घाला, पाणी तापत नाही.

आता जाडीचा प्रश्न. सूटवर ३/२, ४/३, ५/४ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा छाती-पोटाकडील रबराची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा हातापायांकडील. ‘जितका जाड तितका चांगला’ हा समज मात्र आपल्याकडे धोक्याचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे पाणी वर्षाचा बराच काळ २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. तिथे एप्रिल-मेच्या उन्हात पाच मिलिमीटरचा अंगभर सूट घातला, तर घाम वाळायला जागाच उरत नाही. चक्कर, मळमळ, डोकेदुखी आणि पुढे उष्माघात संभवतो. अशा दिवसांत लांब बाह्यांचा पातळ रॅशगार्ड पुरतो. हिवाळ्यातल्या वाऱ्याच्या सकाळी एक ते दोन मिलिमीटरचा सूट पुष्कळ झाला. काठावर थांबावे लागले, तर त्याची साखळी उघडून तो कंबरेपर्यंत उतरवावा, सावलीत बसावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्याअखेर पाणी आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि ऐन उन्हाळ्यातही सतरा-अठरा अंशांच्या फारसे वर जात नाही. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यास पहिली दोन-तीन मिनिटे श्वास ताब्यात राहत नाही. धाप लागते आणि त्याच वेळी नाकातोंडात पाणी जाण्याची भीती असते. म्हणून तिथे ४/३ किंवा ५/४ चा सूट, पायात निओप्रीनचे बूट आणि कडक थंडीत डोक्याला टोपीही हवी. भारतातून जाताना तो सूट घेऊन जाण्याचा आग्रह धरू नये. तिथेच, अंगात घालून पाहून घ्यावा.

शिडाच्या होडीसाठी सूट घेताना आणखी एक भेद ध्यानात असू द्यावा. पाणबुड्या सतत पाण्यात असतो. होडी हाकणारा मात्र बहुतेक वेळ ओल्या अंगाने वाऱ्यात बसलेला असतो. ओल्या माठाला वारा लागला की आतले पाणी गार होते, तसेच ओल्या अंगाचे होते. म्हणून सूटवर वारा अडवणारे पातळ जाकीट घालावे आणि त्यावर लाइफ जॅकेट. दुसरी गोष्ट हातांची. शिडाचा दोर सतत ओढावा आणि सोडावा लागतो. दंडात जाड रबर असेल तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. त्यामुळे अनेक नाविक बिनबाह्यांचा, पायघोळ सूट आणि त्याच्या आत पातळ, लांब बाह्यांचा सदरा पसंत करतात. तिसरी गोष्ट बैठकीची. वाऱ्याने होडी एका बाजूला झुकू लागली की, काठावर बसून अंग मागे झोकावे लागते. मांड्यांचा मागचा भाग, बैठक आणि गुडघे इथे रबर घासून फाटते. या ठिकाणी जादा कापड लावलेला सूट घ्यावा.

शिवणही पाहावी. साधी चपटी शिवण आरपार जाते. तिच्या छिद्रांतून पाणी झिरपते. आपल्या हवेत ते चालते, किंबहुना बरे वाटते. थंड देशांत मात्र रबराचे तुकडे आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीपर्यंतच शिवलेले असावेत.

आणि माप? कोल्हापुरी चप्पल आठवा. नवी असताना ती करकचते, चार दिवसांनी पायाचा आकार घेते. पहिल्याच दिवशी सैल असलेली चप्पल आपण दुकानातच ठेवून येतो. वेटसूटही कोरडा असताना घट्ट वाटला पाहिजे. भिजल्यावर तो किंचित सैलावतो. मुलाला सूट घालायला लावा. पाय शिरत नसेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवावी, सूट सहज सरकतो. मग त्याला दोन्ही हात वर करायला सांगा, उकिडवे बसवा, खांदे गोल फिरवायला लावा आणि छाती भरून श्वास घ्यायला सांगा. श्वास अडत असेल तर सूट लहान आहे. पाठीच्या कण्यापाशी पोकळी राहत असेल, काखेत किंवा गुडघ्यामागे वळ्या पडत असतील, तर तो मोठा आहे. मानेपाशी एक बोट जेमतेम शिरावे. नवा सूट महाग वाटत असेल तर मोठ्या भावंडाचा किंवा ओळखीच्यांकडचा वापरलेला घ्या, भाड्याने घ्या. पण आजच्या मापाचा घ्या.

काहींच्या त्वचेला निओप्रीन तयार करताना वापरलेली रसायने सोसत नाहीत. मानेवर, मनगटावर लाल पुरळ उठले आणि खाज राहिली, तर आत सुती किंवा पातळ सदरा घालून पाहावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रत्येक वापरानंतर सूट गोड्या गार पाण्यात खळबळून, उलटा करून सावलीत वाळवावा. गरम पाणी, कपडे धुण्याचे यंत्र आणि कडक ऊन ही त्याची तीन दुखणी.

एवढे करूनही मूल गारठलेच, तर ओल्या वस्त्रांतून त्याला तत्काळ बाहेर काढा, अंग टिपून कोरडे करा, पांघरुणात गुंडाळा आणि पूर्ण शुद्धीवर असल्यास गोड कोमट पेय घोटघोट द्या. हातपाय जोराने चोळू नका, कढत पाण्याने अंघोळ घालू नका. बोलणे अडखळू लागले, गुंगी आली किंवा मूल अजून गारच असताना कापरे थांबले, तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नका. ताबडतोब डॉक्टरांना गाठा. आणि हेही विसरू नका, की वेटसूट कितीही चांगला असला तरी तो लाइफ जॅकेटची जागा घेऊ शकत नाही.

माझा भाचा त्या दिवशी दोन पांघरुणांत, हातात दुधाचा पेला धरून तासाभरात सावरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मापाचा सूट भाड्याने आणला आणि शिबिराचे उरलेले दिवस त्याने पाण्यावर आनंदात काढले. मी आणलेला सूट अजून कपाटात आहे. आता तो त्याला अगदी बरोबर येतो. पण रबर एव्हाना ताठरले आहे आणि शिवण उसवू लागली आहे. वाढत्या अंगाचे घेऊन वाचवलेले पैसे असे वाचले.