मुलांना मज्जाव असलेले गाव

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ, सन सिटी हे निवृत्तांचे गाव १ जानेवारी १९६० रोजी खुले झाले. घरात निदान एकजण ५५ वर्षांचा हवा; १९ वर्षांखालील मुलांना तिथे कायमचे राहता येत नाही. गोल्फ, पोहण्याचे तलाव, नाना छंद! ओसरीवर दिवस मोजणारी आमची आजी आठवली की हेवाच वाटतो. पण याच मंडळींनी साठ-सत्तरच्या दशकांत परिसरातील शाळांसाठीचे कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानात वारंवार हाणून पाडले. आमची मुले शिकून गेली, आता कर कशाला, हा त्यांचा हिशेब मला मुळीच मान्य नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी जिल्हा परिषदेची शाळा कितीतरी अनोळखी म्हाताऱ्यांच्याही करावर चालली.