भाविक नांदेडपर्यंत येतात, तालुक्यांपर्यंत का नाही?

नांदेड : सचखंड एक्स्प्रेस अमृतसरहून थेट नांदेडला येते. हजूर साहिबच्या दर्शनाला देश-परदेशातून भाविक येतात. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त शहरात रस्ते, घाट, विमानतळाची कामं झाली. पण दर्शन, लंगर, मुक्काम झाला की पाहुणा परतीची गाडी धरतो. तालुक्याच्या हाती काहीच लागत नाही.

बघायला कमी आहे असं नाही. कंधारचा भुईकोट किल्ला, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, माहूरची रेणुकामाता. खरी अडचण अंतराची. ही ठिकाणं वेगवेगळ्या दिशांना आहेत, एका दिवसात सगळी होत नाहीत.

म्हणून सुरुवात जवळून व्हायला हवी. कंधार नांदेडपासून साधारण ५० किलोमीटर. सकाळी दर्शन, दुपारी किल्ला, संध्याकाळी परत, हे सहज जमतं. त्यासाठी ठरलेल्या वेळेची एसटी, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हिंदी-पंजाबी फलक लागतील. हे झालं तर चहावाला, ऑटोवाला, बचत गटाच्या महिला यांच्या हाती चार पैसे येतील. कंधारला जमलं, तर होट्टललाही जमेल. नगरपरिषद, ग्रामपंचायतीच्या सभेत हा विषय गावकऱ्यांनीच लावून धरायला हवा.