आमची मुखत्यार रुबी

परवा आमच्या शाखेतल्या अकाउंटंटसाहेबांनी मला चोर म्हटलं. चहाच्या वेळेला, कॅशियरच्या देखत, आणि माझ्याच डब्यातली चकली मोडता मोडता. बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस लोकांची बोलणी खायला सरावलेला असतो. ‘झोपलात का हो?’ हे तर आम्हाला दिवसातून चारदा विचारलं जातं. पण तेवीस वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजून दुसऱ्यालाच परत केल्यावर चोर हा शब्द जरा लागलाच.

मी चोरलं काय होतं? तर माझ्या आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या पावत्या. चोरल्या कुठून? आईच्या खात्यातून. किल्ली कोणाची? आईची. आणि चोरी चालू असताना खुद्द फिर्यादी शेजारच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

झालं असं, की मधल्या काही महिन्यांत निवृत्तिवेतन कमी आल्याचा आईला संशय होता. बी.कॉम. मी झालो असलो तरी आमच्या घरातलं ऑडिट आई करते. दूधवाल्याच्या कार्डावरचे अर्ध्या लिटरचे घोटाळे आजवर तिनंच पकडलेत. तेव्हा मी त्या कार्यालयात गेलो. (कोणतं ते विचारू नका. थकबाकी अजून यायची आहे.) खिडकीतून उत्तर आलं, “कमी मिळालं म्हणता, तर कोणत्या महिन्यात किती ते दाखवा. बारा वर्षांच्या पावत्या जोडा.” मी म्हटलं, “अहो, पण पावत्या तुमच्याकडेच आहेत ना?” “सगळं ऑनलाइन आहे,” असं म्हणून खिडकी जेवायला गेली.

ऑनलाइन होतं खरं. आधी नाव आणि पासवर्ड घाला. मग वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचा पुरावा द्या. मग वर्ष निवडा, महिना निवडा, ‘दाखवा’ म्हणा, थांबा, पावती उघडा, साठवा, मागे या. मागे आलं की वर्ष पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसलेलं. एका पावतीला दोन मिनिटं. बारा वर्षांच्या पावत्या १४४, म्हणजे २८८ मिनिटं, आणि तेही काही बिघडलं नाही तर. बिघडायचं मात्र अगदी वेळापत्रकाप्रमाणे ठरलेलं. दर दहा मिनिटांनी ‘आपले सत्र संपले आहे’! तीन संध्याकाळी खपून मी १९ पावत्या मिळवल्या, त्यातल्या दोन एकाच महिन्याच्या निघाल्या. सगळ्या पावत्या एकदम देणारं बटण काही त्या पानावर नव्हतं.

सुट्टीला पुण्याहून आलेला भाचा हे बघत होता. शेवटी त्याला माझी दया आली. “मामा, हे हातानं कशाला करतोस? रुबीला सांगू की.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. “रुबी कोण?” आतून प्रश्न आला.

रुबी ही संगणकाची भाषा आहे, जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली जगापुढे ठेवली, हे पटवण्यात आमची दहा मिनिटं गेली. ह्या भाषेत मेकॅनाइझ नावाची हत्यारांची एक पेटी तयार मिळते, आणि फुकट मिळते. मूळ कल्पना पर्ल नावाच्या दुसऱ्या भाषेतली. मोती झाला, माणिक झालं, एकूण सराफी कारभार! ही पेटी पान मागवते, अर्जाचे रकाने भरते, बटण दाबते, दुवा धरून पुढच्या पानावर जाते. आलेल्या पानातून नेमका आकडा कापून काढायला तिच्याबरोबर आणखी एक हत्यार असतं, त्याचं नाव नोकोगिरी. मला वाटलं, कारकूनगिरी, हमालगिरी, तशी ही नोकोगिरी. पण तो जपानी शब्द निघाला. अर्थ करवत.

भाचा समजावू लागला तसतसा मला आमच्या शाखेचा जुना काळ आठवू लागला. संकेतस्थळाला समोरचं गिऱ्हाईक मघाचंच की नवं, हे आपणहून आठवत नाही. आमच्या कॅशियरलाही आठवत नसे. म्हणून मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही चेक ठेवून घेऊन पितळी बिल्ला द्यायचो. बिल्ला दाखवा, पैसे घ्या. संकेतस्थळं असाच बिल्ला देतात, त्याला १९९४ पासून कुकी म्हणतात. ब्राउझर तो खिशात ठेवतो आणि प्रत्येक पानाला दाखवतो. मेकॅनाइझही तेच करते. शिवाय अर्जाच्या पोटात कधी कधी एक न दिसणारी चिठ्ठी असते, अर्ज ह्याच खिडकीतून घेतलाय याची खूण म्हणून. मेकॅनाइझ आधी कोरा अर्ज मागवते आणि चिठ्ठीसकट भरून परत करते. म्हणजे रांगेत उभं राहून, बिल्ला दाखवून, रीतसर. भिंतीवरून उडी कुठंच नाही.

वाकडी अक्षरं फोडायचा उद्योग भाच्यानं केला नाही. अक्षरांचं चित्र समोर आलं, मी चष्मा लावून वाचलं आणि टाइप केलं. दारातला रामराम मी घातला, आतली हमाली रुबीनं केली. दोन पावत्यांच्या मध्ये पाच सेकंद थांबायची तिला ताकीद होती, समोरच्या यंत्राला धाप लागू नये म्हणून. १४४ गुणिले ५, म्हणजे १२ मिनिटं तर निव्वळ विश्रांतीची झाली. मधे दोनदा सत्र संपलं, दोनदा मी पुन्हा माणूस असल्याचं सिद्ध केलं. २६ मिनिटांत काम फत्ते. आईच्या शेंगा अजून शिल्लक होत्या.

आकडे एकाखाली एक लागल्यावर दिसलं, की सतरा महिने महागाई वाढ जुन्याच दरानं दिली होती. माझ्या बेरजेत आणि आईनं तोंडी सांगितलेल्या रकमेत चाळीस रुपयांचा फरक पडला. पुन्हा तपासलं. चूक माझी होती.

हा पराक्रम मी चकलीबरोबर शाखेत वाढला आणि चोर ठरलो.

अकाउंटंटसाहेबांचं पहिलं अस्त्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, तिथून माहिती उतरवून घेणं, सगळं त्यात येतं म्हणे. येतंच! पण त्यातला ‘परवानगीशिवाय’ हा शब्द साहेबांनी चकलीबरोबर गिळला. आईला नाव त्याच कार्यालयानं दिलं, पासवर्ड त्यांनीच ठेवायला सांगितला, आणि पावत्या आणा असा हुकूमही त्यांनीच सोडला. ह्याहून मोठी परवानगी म्हणजे अक्षता घेऊन घरी येणंच राहिलं.

दुसरं अस्त्र जरा धारदार होतं. त्या संकेतस्थळाच्या अटींत ‘स्वयंचलित साधनांचा वापर करू नये’ असं कलम आहे. ते मी नाकारत नाही. मी एवढंच विचारतो, की ब्राउझर हे कोणतं साधन आहे? संकेतस्थळात आजवर कोणी नुसत्या हातानं शिरलंय? अर्ज तोच पाठवतो, बिल्ला तोच सांभाळतो, पासवर्डसुद्धा आठवणीनं तोच भरतो. ब्राउझर आणि मेकॅनाइझ यांत फरक खिडकीचा. एकाला काच आहे, दुसरीला नाही. माझं बोट १४४ वेळा दुखलं तर ते कायदेशीर आणि एकदाच दुखलं तर चोरी, हा न्याय मला समजत नाही. बँकेत खातेदार आजारी असला तर अधिकारपत्र देऊन मुलाला पाठवतो. त्या मुलानं पायी यावं, रिक्षा करू नये, अशी अट आम्ही घातलेली नाही.

इथं कॅशियरनं माझी बाजू घेत अमेरिकेतला एक दाखला काढला. हायक्यू विरुद्ध लिंक्डइन. तिथल्या अपील न्यायालयानं २०२२ साली म्हटलं, की सर्वांना उघडी असलेली पानं यंत्रानं वाचणं ही बहुधा घुसखोरी ठरत नाही. मी त्याला थांबवलं. एक तर त्याच वर्षी खालच्या न्यायालयानं ह्याच हायक्यूनं कराराच्या अटी मोडल्याचं ठरवलं. आणि आमची पानं कुलपाआडची. दाखला माझ्या कामाचा नाही. खोटं व्हाउचर लावून ताळा जमवायची मला सवय नाही.

आणि चोर मुळी नसतातच असंही माझं म्हणणं नाही. आईच्या किल्लीनं शेजारच्या जोशीकाकूंचं कपाट उघडलं तर ती चोरी. हजारो लोकांचे पत्ते न् फोन नंबर खरवडून विकणारे आहेत, ते चोर. मेकॅनाइझ मुळात आपलं खरं नाव सांगते, पण एका ओळीत तिला सांगता येतं, की तू विंडोजवरचा अमुक ब्राउझर असल्याचं सोंग घे. ह्या खोट्या मिशा लावायला मी भाच्याला सक्त मनाई केली. ज्याला दारात नाव बदलावं लागतं त्याच्या मनात काहीतरी असतं, हे काउंटरवर बसून आम्हाला कळतं. बऱ्याच संकेतस्थळांच्या दारात रोबोट्स डॉट टेक्स्ट नावाची पाटी असते, आपल्या इमारतींवर ‘फेरीवाल्यांस सक्त मनाई’ असते तशी. १९९४ सालची ही चाल, २०२२ मध्ये तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. मेकॅनाइझ ही पाटी आपणहून पाळत नाही. पाळ म्हणून सांगावं लागतं. आम्ही सांगितलं. आमच्या वाटेवर मनाई नव्हती.

राहिला पासवर्ड. “तुम्हीच ग्राहकांना सांगता ना, पासवर्ड कोणाला देऊ नका?” साहेब गरजले. सांगतो, आणि घसा बसेपर्यंत सांगतो. पण रुबी आमच्याच संगणकावर राहते. पासवर्ड तिच्या कागदात लिहिलेला नव्हता, मीच दर वेळी टाइप केला. जी ॲपं ‘तुमचा नेटबँकिंगचा पासवर्ड आम्हाला द्या, हिशेब आम्ही बघतो’ म्हणतात, त्यांच्याशी हिची तुलना नको. त्यांच्याविरुद्ध मी साहेबांच्या पुढे दोन पावलं आहे.

खरा राग मला पलीकडच्याच गोष्टीचा आहे. सरळ दार ठेवलं तर रुबी लागते कुणाला? बँकांच्या बाबतीत ते झालंय. रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली अकाउंट ॲग्रिगेटरचे नियम काढले, २०२१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. खातेदारानं संमती द्यायची आणि त्याची माहिती पासवर्ड न देता ह्या संस्थेकडून त्या संस्थेकडे जायची. आमच्यासारख्या सरकारी लाल फितीत वाढलेल्या धंद्याला जे जमलं, ते पावतीच्या पानावर एक बटण लावायला का जमू नये? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क लिहिलाय. छानच. पण गोषवाऱ्यावर थकबाकी मिळत नाही, तिला १४४ पावत्याच लागतात. माहिती माझी, मागणारे तुम्ही, ठेवणारे तुम्ही, आणि चमच्याचमच्यानं वाढणारेही तुम्हीच. वर मी पळी आणली तर चोर!

साहेबांनी उरलेली चकली उचलली आणि “तरीपण” म्हणाले. ‘तरीपण’वर अजून उत्तर निघालेलं नाही.

गेल्या सोमवारी अर्धी रजा टाकून मी तो गठ्ठा त्या खिडकीत दिला. वर्षवार लावलेला, सतरा महिन्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या, वर एक तक्ता. खिडकीतल्या बाईंनी तो बराच वेळ चाळला. मग चष्मा वर करून विचारलं, “इतकं सगळं कसं काढलंत?”

आता आली का पंचाईत! चोरी कबूल करावी की आईचं नाव पुढे करावं, असा विचार करत मी खरं ते सांगून टाकलं. भाचा, रुबी, पाच सेकंदांची विश्रांती, सगळं.

बाईंनी मागे वळून साहेबांची खुर्ची रिकामी असल्याची खात्री केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमचा भाचा परत कधी येणार आहे हो? आम्हालाही आतून एकेक महिनाच उघडतो.”