घर पाहताना वस्ती कोण पाहतं?

गेले चार महिने आम्ही घर शोधतो आहोत. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. सध्या डोंबिवलीत भाड्याने राहतो, पण आम्हाला परवडणारी घरं आता अंबरनाथ-बदलापूरकडेच उरली आहेत. दर रविवारी सकाळी अकराला आम्ही जातो. एजंट स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभा असतो. भाव, कर्ज, कार्पेट एरिया, रेराचा नंबर हे सगळं तो 'साहेबां'शी बोलतो. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "वहिनी, हे तुमचं डिपार्टमेंट," आणि मला ओटा दाखवतो.

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी अकरा वाजता कुठलीही वस्ती चांगलीच दिसते. मी घरी परतते ती मात्र रात्री नऊच्या पुढे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस घेणाऱ्या एका समुपदेशन केंद्रात मी काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई आली होती. लग्नानंतरची सोळा वर्षं ती परळच्या एका चाळीत राहिली. दहा बाय बाराची खोली, संडास सार्वजनिक. त्या खोलीतून ती रोज चाळीस डबे द्यायची. मग सासू आणि नवऱ्याने पागडीची खोली विकून दूरवर वन बीएचके घेतला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने पंचवीस मिनिटांवर. तिला कोणी विचारलं नाही. नातेवाईक म्हणाले, नशीब काढलंस, लिफ्टच्या घरात गेलीस.

लिफ्टच्या घरात गेल्यावर पहिल्याच महिन्यात डबे बंद झाले. भिशी सुटली. नवरा आधीही मारायचा, पण चाळीत आवाज वाढला की शेजारची काकू दार वाजवून साखर मागायची. तिच्या घरात साखर असायचीच. फार झालं की ही दोन दिवस गल्लीपलीकडे बहिणीकडे जाऊन राहायची. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूपबंद. रात्री नऊनंतर रिक्षा नाही. हातात स्वतःचा पैसा नाही. ती आमच्यापर्यंत पोचायला चौदा महिने लागले.

चाळीचं गुणगान मला करायचं नाही. 'नवरा-बायकोचं आपापसातलं आहे' म्हणून दार लावून घेणारेही त्याच चाळीत होते. पण बाईला वस्ती म्हणजे काय असतं, ते आपल्याला नवीन नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांचं घर हाच धंदा होता आणि गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर. ती खोली तिथून उचलून पन्नास किलोमीटरवर ठेवली असती, तर खोली राहिली असती, खानावळ राहिली नसती.

इथे मला आपल्या कामाबद्दलही बोलायचं आहे. 2005 च्या कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कोणाच्याही नावावर असो. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. हे आपण लढून मिळवलं. याच कायद्याच्या कलम 19 मध्ये आणखी एक तरतूद आहे: ती ज्या पातळीच्या घरात राहत होती त्याच पातळीची दुसरी जागा तिला मिळवून द्यावी किंवा तिचं भाडं द्यावं, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. आपल्या अर्जांत आपण ही 'पातळी' कशी मांडतो? खोल्या किती, स्वयंपाकघर वेगळं आहे का, संडास आत आहे का. तिचं काम, मुलांची शाळा, वेळेला धावून येणारं माणूस या नव्या जागेपासून किती लांब, हे मी स्वतः कित्येक वर्षं एकाही अर्जात लिहिलं नव्हतं. आता लिहिते. प्रत्येक वेळी ऐकलं जातं असं नाही, पण कागदावर तरी येतं.

आता पुन्हा माझ्या घराकडे. एका रविवारी एजंट म्हणाला, "वस्ती एकदम चांगली, सगळी आपलीच माणसं आहेत." त्याने आमचं आडनाव आधीच विचारून घेतलं होतं. 'आपली' म्हणजे कोण हे मला कळलं, नवऱ्यालाही कळलं. मी काय केलं? पाणी किती वेळ येतं ते विचारलं. शिबिरांत जात आणि धर्मावर तास घेणारी मी! त्या फ्लॅटचा भाव बरा होता, दुसरं कारण नाही. जिथे मुसलमान बाईला, एकट्या राहणाऱ्या बाईला कोणी घर देत नाही, त्या वस्तीला 'सुरक्षित' म्हणताना त्यात कोणाची सुरक्षितता मोजली आहे? आणि उद्या मीच मुलीला घेऊन एकटी राहिले, तर मी 'आपली' राहीन का? तो फ्लॅट आम्ही सोडला, पण भांडून नाही. बाथरूम लहान असल्याचं कारण सांगून.

नावाचाही प्रश्न आहेच. 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे लाखामागे हजार रुपये. नवऱ्याबरोबर संयुक्त नाव असेल तर मिळत नाही. त्यामुळे आमच्या घरी अचानक 'तुझ्याच नावावर घेऊ' सुरू झालं आहे. सवलतीपोटी का होईना, येऊ दे. पण कागदावर नाव माझं आणि जागा कुठली ते ठरवणार दुसरंच कोणी, हे मला नको.

1989 साली कॅनडात टोरोंटोच्या बायकांनी एक साधी पद्धत काढली. अंधार पडल्यावर गटाने वस्तीतून चालायचं आणि टिपत जायचं: दिवा कुठे नाही, आडोसा कुठे आहे, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल. दिल्लीत जागोरीनेही अशा पाहण्या केल्या. ते काम सरकारला जाब विचारण्यासाठी होतं. पण बयाणा देण्याआधी एका बाईनेही असं चालून पाहायला काय हरकत आहे? मी टिपते ती माझी यादी अशी: शेवटची शेअर रिक्षा किती वाजता. स्टेशन ते घर या वाटेवर रात्री उघडं असणारं दुकान. पाळणाघर. चालत पोचता येईल अशी पोलीस चौकी. इमारतीतल्या किती खिडक्यांत दिवा आहे. आणि खालच्या कट्ट्यावर बायका बसतात का, की फक्त पुरुष.

परवाच एक फ्लॅट जवळजवळ पसंत पडला आहे. येत्या शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास तिथे एकटीने उतरायचं ठरवलं आहे. तसं एजंटाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "रात्री कशाला, वहिनी? त्या बाजूला तेव्हा कोणी नसतं."